मायन्यातला एक शब्द, उत्तरातले एक अक्षर: 1711 ची कोरियन वकिलात आणि आराई हाकुसेकी

1711 साली कोरियाच्या चोसोन दरबाराची सुमारे 500 माणसांची वकिलात एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, आली. तिच्या स्वागताची आखणी आराई हाकुसेकी या कन्फ्यूशियन पंडिताने केली होती. त्याच्याकडे ना कुठले खाते होते, ना हाताखाली कचेरी. त्याने शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, मायना बदलला, वाटेवरच्या मेजवान्या छाटल्या, दरबारातले विधी नव्याने बसवले. सगळे पार पडत आले असताना निरोपाच्या दिवशी एका अक्षरावरून गाडे अडले. पुढची वकिलात आठ वर्षांनी आली, तेव्हा या बदलांपैकी जवळजवळ काही शिल्लक नव्हते.

लष्करी राजवटीच्या चाकरीत असलेल्या पंडिताची ताकद कुठून येते आणि कुठे संपते, हे या एका प्रसंगात जितके स्वच्छ दिसते तितके त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही प्रकरणात दिसत नाही.

## पार्श्वभूमी: पंडिताला दरबारात जागा कोणती?

तोकुगावा घराण्याचे सरकार, म्हणजे बाकुफू, सामुराईंचे होते. पंडिताची गरज त्यांना मोजक्या कामांपुरती पडे: परदेशी खलित्यांचे अभिजात चिनी भाषेतले मसुदे, जुन्या दाखल्यांचा शोध, कायद्यांची भाषा आणि शोगुनपुढे ग्रंथांवर प्रवचन. ही कामे पूर्वी बौद्ध भिक्षूंकडे होती. म्हणूनच हायाशी राझान हा कन्फ्यूशियन असूनही पहिला तोकुगावा शोगुन इएयासू याच्या चाकरीत आला तेव्हा त्याला डोके भादरावे लागले, आणि 1629 मध्ये मान मिळाला तोही भिक्षूच्या पदवीचा. त्याचा नातू हायाशी होको याला 1691 मध्ये केस राखण्याची परवानगी आणि ‘दाइगाकु नो कामी’, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, ही पदवी मिळाली. तेव्हापासून सरकारी मसुद्यांचे काम हायाशी घराण्याचे वतनच झाले.

आराई हाकुसेकी (1657–1725) या घराण्यातला नव्हता, त्यांचा शिष्यही नव्हता. वडील काझुसा प्रांतातल्या एका छोट्या दाइम्योचे, म्हणजे सरदाराचे, चाकर. त्या घराण्यात वारसाचा तंटा झाला आणि 1677 मध्ये बापलेक दोघांची चाकरी गेली. 1682 मध्ये होत्ता मासातोशी या बड्या मंत्र्याकडे नोकरी लागली, तर दोनच वर्षांत एदोच्या किल्ल्यातच त्या मंत्र्याचा खून झाला आणि त्या घराची उतरती कळा सुरू झाली. हाकुसेकी बराचसा स्वतःच शिकलेला. गुरू मिळाले 1686 च्या सुमारास: किनोशिता जुनान.

गुरूपर्यंत पोहोचण्याची वाट त्याने कशी काढली, ते या प्रकरणात महत्त्वाचे आहे. 1682 मध्ये कोरियन वकिलात आली होती. पंचविशीतल्या हाकुसेकीने आपल्या 100 चिनी कविता त्सुशिमा बेटावरच्या ओळखीच्या एका माणसामार्फत वकिलातीतला विद्वान सोंग वान याच्याकडे पाठवल्या आणि त्याच्याकडून प्रस्तावना मिळवली. त्या प्रस्तावनेमुळे जुनानच्या मंडळींत त्याचे नाव झाले. कोरियन विद्वानाचा शिक्का हीच तेव्हा जपानी पंडिताची पत होती.

1693 मध्ये जुनानने त्याला कोफूचा दाइम्यो त्सुनातोयो याच्याकडे लावून दिले. आधी हायाशींकडे विचारणा झाली होती, पण त्यांनी शिष्य दिला नाही. देऊ केलेले वेतन 30 माणसांच्या शिध्याचे होते, गुरूने घासाघीस करून ते 40 वर नेले. एका माणसाचा शिधा दिवसाला 5 गो, वर्षाला सुमारे 1.8 कोकु तांदूळ. म्हणजे 40 माणसांचा शिधा वर्षाला सुमारे 72 कोकु. एक कोकु म्हणजे साधारण 180 लिटर. घर, घोडा आणि नोकर सांभाळणाऱ्या सामुराईसाठी हे बेताचेच.

मग नशिबाने फासा उलटवला. पाचवा शोगुन त्सुनायोशी निपुत्रिक असल्याने 1704 मध्ये त्सुनातोयो वारस ठरला, आणि 1709 मध्ये इएनोबू या नावाने सहावा शोगुन झाला. हाकुसेकीला त्या वर्षी 500 कोकुंची जमीन मिळाली. पद मात्र मिळाले नाही. त्याची टिपणे बंद लखोट्यात मानाबे आकिफुसा या खासगी कारभाऱ्याकडे जात आणि तिथून शोगुनच्या हाती. शोगुनचा होकारही त्याच वाटेने परत येई. कारभार चालवणाऱ्या वरिष्ठ मंत्र्यांना, म्हणजे रोजूंना, बऱ्याचदा गोष्ट ठरून गेल्यावर कळे.

## अडचण

कोरियाची वकिलात 1607 पासून सात वेळा येऊन गेली होती. नवा शोगुन गादीवर आला की त्सुशिमा बेटाचे सो घराणे कोरियाला कळवी, आणि वकील, लेखक, वैद्य, चित्रकार, वाजंत्री, घोडेस्वार असा सगळा लवाजमा निघे. पुसान बंदरातून जहाजे त्सुशिमा, इकी, आकामागासेकी, कामागारी, तोमो, उशिमादो असे थांबे घेत ओसाकाला लागत. तिथून नदीतल्या नावांनी क्योतोच्या दिशेने आणि पुढे तोकाइदो रस्त्याने एदोपर्यंत. प्रत्येक मुक्कामी त्या त्या दाइम्योने निवास, घोडे, हमाल आणि मेजवानी पुरवायची. 1682 च्या खेपेला एकूण खर्च सुमारे 10 लाख ऱ्यो (सोन्याची नाणी) झाला, असा आकडा नेहमी दिला जातो. 1711 च्या आसपास बाकुफूची तिजोरी नाणी हिणकस करून कशीबशी भरली जात होती, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते.

हाकुसेकीच्या मते खर्च ही वरवरची दुखापत होती. खरा रोग मायन्यात होता. कोरियाचा राजा शोगुनला लिहिताना ‘जपानचा ताइकून’ असे संबोधे. हा शब्द 1630 च्या दशकातल्या एका लाजिरवाण्या प्रकरणातून आला होता. दोन्ही दरबारांच्या अटी जुळेनात, म्हणून त्सुशिमाच्या लोकांनी वर्षानुवर्षे खलित्यांत खाडाखोड केली होती. शोगुनच्या सहीत ‘राजा’ हे अक्षर घुसडण्यापर्यंत त्यांची मजल गेली. 1635 मध्ये हे उघडकीला आले. यानागावा शिगेओकी या त्सुशिमाच्या कारभाऱ्याला हद्दपारी झाली, आणि वाद टाळणारा शब्द म्हणून ‘ताइकून’ ठरला. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या तहांतून हाच शब्द इंग्रजीत गेला आणि बड्या उद्योगपतीसाठी आपण वापरतो तो ‘टायकून’ होऊन मराठी वर्तमानपत्रांत आला.

हाकुसेकीचा आक्षेप अक्षरांवर होता. ‘ताइकून’ची अक्षरे कोरियात ‘तेगुन’ अशी वाचतात, आणि तेगुन म्हणजे पट्टराणीच्या पोटी जन्मलेला राजपुत्र. म्हणजे कोरियाचा राजा शोगुनला आपल्या मुलाच्या पायरीवर बसवत होता. उलट चिनी ग्रंथांत हीच अक्षरे सम्राटासाठी येतात. तो अर्थ घेतला तर शोगुनने क्योतोच्या सम्राटाची जागा बळकावल्यासारखे होते. एका बाजूने अपमान, दुसऱ्या बाजूने अपहार. नाव चुकले की बोलणे जुळत नाही आणि बोलणे जुळले नाही की काम तडीस जात नाही, ही कन्फ्यूशियसची शिकवण हाकुसेकीसाठी सुभाषित नव्हती, कामाची रीत होती.

तिसरी बाब बरोबरीची. 1592 ते 1598 च्या जपानी स्वारीनंतर कोरियाने जपानी माणसाला राजधानीत जवळजवळ कधीच पाऊल ठेवू दिले नव्हते. जपान्यांना पुसानच्या वखारीपुढे जाण्याची मनाई होती. कोरियन वकील मात्र थेट शोगुनच्या दिवाणखान्यापर्यंत येत, आणि मेजवानीला तोकुगावांच्या ओवारी, किई व मितो या तीन सर्वोच्च शाखांचे प्रमुख त्यांच्या पंगतीला बसत.

## समोरचे पर्याय

मायन्यापुरत्या तीन वाटा होत्या.

पहिली, ‘ताइकून’ तसाच ठेवणे. सत्तर-पंच्याहत्तर वर्षे तो चालला होता, भांडण झाले नव्हते. हायाशी होकोचा कल इकडेच होता. त्याच्या घराण्याने सांभाळलेला दाखला मोडला जाणार होता, आणि दाखला सांभाळणे हेच त्याचे काम.

दुसरी, उपाधीच गाळणे. शोगुन स्वतः उत्तर देताना आतापर्यंत नुसते ‘जपान देशाचा मिनामोतो अमुक’ अशी सही करत आले होते. मिनामोतो हे त्यांचे कुळनाव. कोरियाकडूनही तसेच मागता आले असते. पण राजाने उपाधीविना नाव घ्यायचे म्हणजे चोसोन दरबाराला ते नक्कीच खटकले असते.

तिसरी, ‘जपानचा राजा’ (निहोन कोकुओ). हाकुसेकीने हीच निवडली. दाखला त्याने पंधराव्या शतकातला काढला: आशिकागा योशिमित्सू हा निवृत्त शोगुन चीनला याच उपाधीने लिहीत असे. ‘सम्राट’ हे नाव आकाशाशी जोडलेले आणि ‘राजा’ हे देशाशी, म्हणून राजा म्हटल्याने सम्राटाच्या मानाला धक्का लागत नाही, असे त्याचे म्हणणे. कोरियाचा शासकही राजाच. राजाने राजाला लिहिले की पारडे समान.

ही मांडणी कागदावर बिनतोड आहे. तिचे दुबळेपण त्याच्याच गुरुबंधूने दाखवले. आमेनोमोरी होशू (1668–1755) हाही जुनानचा शिष्य. तो त्सुशिमाच्या चाकरीत होता आणि पुसानच्या वखारीत राहून कोरियन बोलायला शिकला होता. त्याने हाकुसेकीला पत्र लिहून स्पष्ट विरोध केला: क्योतोत सम्राट असताना शोगुनने राजा म्हणवणे हा मर्यादाभंग आहे. शिवाय योशिमित्सूची उपाधी चीनच्या मिंग सम्राटाने दिलेली होती. तिच्यात मांडलिकत्वाचा वास होता, आणि म्हणूनच तोकुगावांनी ती इतकी वर्षे टाळली होती. होशूचा मुद्दा पुस्तकी नव्हता. त्सुशिमा हे डोंगराळ बेट, भात जेमतेम पिकते, पोट कोरियाच्या व्यापारावर. मायन्यावरून चोसोन दरबार बिथरला तर पहिला फटका त्याच बेटाला बसणार होता.

हाकुसेकीने विरोध ऐकला, उत्तर दिले आणि पुढे गेला. या प्रकरणातला हा पहिला मोठा निर्णय, आणि तो एकट्याचा होता.

## प्रत्यक्ष कृती

मायन्याची मागणी त्सुशिमामार्फत 1711 च्या पूर्वार्धात कोरियाला पोहोचली, तेव्हा वकिलातीची तयारी होत आलेली होती. चोसोन दरबारात वाद झाला. ऐनवेळी मागणी करणे हाच उद्दामपणा आहे, असे म्हणणारे होते. पण राजा सुकजोंगने शेवटी होकार दिला: समोरच्याने स्वतःला काय म्हणवून घ्यावे हा त्याचा प्रश्न, आणि ‘राजा’ म्हटल्याने आपले काही उणे होत नाही. हाकुसेकीचा अंदाज इथे बरोबर ठरला.

इकडे स्वागताचे नियम बदलले. बारकावे असे:

मेजवान्या ओसाका, क्योतो, सुन्पु यांसारख्या मोजक्या मुक्कामांपुरत्या उरल्या. बाकी ठिकाणी शिधा द्यायचा, शिजवायचे वकिलातीच्या माणसांनी. शोगुनच्या वारसाला आणि रोजूंना कोरियाकडून येणारी वेगळी पत्रे-नजराणे बंद झाले. मुक्कामाच्या दारात वकिलांनी पालखीतून उतरायचे, आणि शोगुनचा माणूस भेटीला आला की पायऱ्या उतरून सामोरे यायचे. यावरून वाटेतच घासाघीस झाली, वकिलांनी दाखले मागितले, यजमानांनी नवा नियम पुढे केला.

एदोत निवास आसाकुसाच्या हिगाशी होंगान्जी मंदिरात. शहराच्या दक्षिण वेशीवर शिबागुची इथे नवे भव्य प्रवेशद्वार आदल्याच वर्षी, 1710 मध्ये, बांधून घेतले होते. खर्चकपात करणाऱ्या माणसाने दरवाजावर पैसा घालावा याचे नवल वाटू नये. जेवणावळी हा त्याच्या लेखी अपव्यय होता, द्वार हा विधीचा भाग.

किल्ल्यातला समारंभ पूर्वी एकाच दिवशी उरके. हाकुसेकीने तो तीन दिवसांत विभागला: अकराव्या चांद्रमासाच्या 1 तारखेला खलिता सादर करणे, 3 तारखेला मेजवानी, 11 तारखेला निरोप आणि उत्तराचा खलिता. तिन्ही शाखांच्या प्रमुखांनी पंगतीला बसण्याची चाल बंद झाली. मेजवानीला सामुराईंचे आवडते नो नाट्य न ठेवता गागाकु हे प्राचीन दरबारी संगीत ठेवले. त्यात ‘कोमागाकु’ म्हणजे प्राचीन कोरियन राज्यांतून जपानला गेलेल्या रचनाही होत्या. कोरियन वकिलांपुढे त्यांच्याच मुलखातले, शतकानुशतके जपून ठेवलेले सूर वाजवणे यात पाहुणचार होता आणि आमच्याकडेही प्राचीन विधी जिवंत आहे हा दावाही. सगळ्या आखणीत मला ही निवड सर्वांत उंच वाटते. तिने कोणाचा पाणउतारा केला नाही, आणि सांगायचे ते सगळे सांगितले.

हाकुसेकी स्वतः कावासाकीपर्यंत वकिलांना सामोरा गेला. त्यासाठी त्याचा दर्जाही आधी वाढवावा लागला: थेट बोलणी करणारा माणूस तोलामोलाचा दिसावा म्हणून त्याला ‘चिकुगो नो कामी’ ही पदवी देण्यात आली. मुख्य वकील जो ते-ओक, उपवकील इम सु-गान आणि तिसरा ई बांग-ओन यांच्याशी त्याच्या बैठका झाल्या त्या लेखणीने. दोघांना एकमेकांची बोली येत नव्हती, अभिजात चिनी लिहिता येत होती. कागद पुढे सरकवायचा, उत्तर लिहून परत घ्यायचे. विधी, संगीत, पोशाख, इतकेच काय, पश्चिमेकडच्या दूरच्या देशांचीही चर्चा झाली. त्याने 1709 मध्ये सिदोत्ती या कैदेतल्या इटालियन धर्मोपदेशकाची जबानी घेतली होती, त्यामुळे युरोपाबद्दल त्याच्याकडे ताजी माहिती होती. वकिलांनी त्याच्या कवितासंग्रहाला प्रस्तावनाही लिहिल्या. 1682 मध्ये मध्यस्थामार्फत कविता पाठवणारा तरुण आता यजमानाच्या आसनावर होता.

## एका अक्षराचा पेच

11 तारखेला उत्तराचा खलिता हाती पडला. वकिलांनी तो वाचला आणि घ्यायला नकार दिला.

मसुद्यात ‘आनंद’ या अर्थाचे एक अक्षर होते, कोरियन उच्चार ‘योक’. चोसोनचा अकरावा राजा जुंगजोंग (राजवट 1506–1544) याचे ते व्यक्तिनाम. पूर्वजाचे नाव लिहायचे नाही हा पूर्व आशियातला कडक दंडक. असा खलिता घेऊन परत जाणे म्हणजे वकिलांनी स्वतःच्या राजाच्या कुळाचा अपमान स्वहस्ते वाहून नेणे.

हाकुसेकीचे उत्तर ग्रंथाधारित होते. जुंगजोंग हा सुकजोंगचा सातव्या पिढीतला पूर्वज, आणि प्राचीन विधिग्रंथांनुसार पाच पिढ्यांपलीकडे हा दंडक लागू नाही. त्याने उलट वारही केला: कोरियाच्या खलित्यात ‘प्रकाश’ हे अक्षर आहे, ते तिसरा शोगुन इएमित्सूच्या नावातले. इएमित्सू तर इएनोबूचा सख्खा आजोबा.

इथे थोडे थांबावे लागते. चोसोन घराण्यात राजपुत्राचे नाव मुद्दाम विरळ वापराचे अक्षर निवडून ठेवत, म्हणजे प्रजेला लिहिताना अडचण नको. म्हणून मसुदा करणाऱ्याला अशी अक्षरे टाळणे शक्य असते, फक्त यादी माहीत हवी. ‘प्रकाश’ हे अक्षर मात्र पावलोपावली लागते. त्यातून दोन अक्षरी नावातले सुटे अक्षर टाळायची गरज नाही, असेही तेच विधिग्रंथ सांगतात, आणि ‘इएमित्सू’ दोन अक्षरांचे नाव. जपानी रीत तर उलटी होती: शोगुनने आपल्या नावातले अक्षर एखाद्या दाइम्योला देणे हा त्या दाइम्योचा गौरव समजला जाई. हाकुसेकीला हे सगळे ठाऊक असणारच. त्याचा प्रतिदावा डावपेच म्हणून चांगला होता, तर्क म्हणून कच्चा.

दोन्ही बाजू हटेनात. वकिलांपुढे शिक्षा होती, हाकुसेकीपुढे त्याच्यावर टपून बसलेला दरबार. तोडगा निघाला तो असा: दोन्ही खलित्यांतली आक्षेपार्ह अक्षरे बदलायची. कोरियाने दुरुस्त खलिता पाठवायचा, आणि परतीच्या वाटेवर त्सुशिमात दोन्ही नव्या प्रती अदलाबदल करायच्या. कोणी एकट्याने माघार घेतली असे दिसले नाही. प्रक्रिया म्हणून हा तोडगा फार शहाणपणाचा होता: चूक कोणाची हे ठरवण्याऐवजी दुरुस्ती दोघांनी एकाच वेळी करायची आणि तीही राजधानीपासून दूर, जिथे बघे नाहीत.

## निकाल

तात्काळ हिशेब हाकुसेकीच्या बाजूचा. खर्च सुमारे 10 लाख ऱ्योंवरून 6 लाखांच्या आसपास आला. उत्तराच्या खलित्यावर ‘जपानचा राजा मिनामोतो इएनोबू’ अशी सही झाली. त्याने राजीनामा देऊ केला, तो शोगुनने घेतला नाही. उलट आणखी 500 कोकु देऊन उत्पन्न 1000 कोकुंवर नेले.

कोरियात तिन्ही वकिलांना शिक्षा झाली, पदे गेली. त्यांनी वाटेत आणि एदोत ज्या ज्या बदलांना मान तुकवली, त्यांचे खापर त्यांच्यावर फुटले. हाकुसेकीच्या कवितांना प्रस्तावना लिहिणारे हेच हात. ज्या वकिलांशी ग्रंथचर्चा केली, त्यांना घरी काय भोगावे लागेल याचा विचार त्याच्या आखणीत दिसत नाही, आणि ही उणीव मला अक्षराच्या चुकीपेक्षा मोठी वाटते.

इएनोबू 1712 मध्ये वारला. त्याचा मुलगा इएत्सुगु तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. मानाबे आणि हाकुसेकीने कारभार रेटला, पण आता बंद लखोटा ज्याच्या हाती द्यायचा तो शोगुन बाळ होता. 1716 मध्ये तोही गेला. किई शाखेचा योशिमुने आठवा शोगुन झाला आणि हाकुसेकीची दरबारातली जागा त्याच वर्षी संपली. 1719 ची कोरियन वकिलात 1682 च्या शिरस्त्यानुसार बोलावली गेली. ‘ताइकून’ परत, मेजवान्या परत, तिन्ही शाखांचे प्रमुख पंगतीला परत. योशिमुने स्वतः काटकसरीसाठी प्रसिद्ध, तरीही खर्चकपात सुद्धा गेली. शिबागुचीचे द्वार 1724 मध्ये आगीत जळाले, पुन्हा उभारले नाही.

याच माणसाची दुसरी कामे मात्र टिकली. 1714 मध्ये नाण्यांचा कस पुन्हा वाढवला गेला आणि 1715 मध्ये नागासाकीच्या व्यापाराला मर्यादा घातल्या गेल्या: चिनी जहाजे वर्षाला 30, डच 2. योशिमुनेने ही धोरणे सोडली नाहीत. कस वाढवलेली नाणी 1736 पर्यंत चालली. फरक समजून घ्यायला हवा. नाण्याचा कस टांकसाळीत राहतो, जहाजांची संख्या नागासाकीच्या अधिकाऱ्यांच्या परवान्यांत राहते. ती कामे करणाऱ्या कचेऱ्या शोगुन बदलला तरी जागेवर असतात. स्वागताच्या विधीला अशी कचेरी नव्हती. जी होती ती हायाशींची, आणि तिला तर बाजूला सारूनच हे सगळे केले होते.

## निर्णयाचे क्षण: वेगळे काय करता आले असते

आधी एक सावधगिरी. या प्रकरणाची सर्वांत सविस्तर हकिगत हाकुसेकीच्या आत्मचरित्रातून येते, आणि ते त्याने 1716 मध्ये, सत्ता गेल्यावर, लिहायला घेतले. त्यात होको हा जवळजवळ खलनायक आहे. होशूची पत्रे आणि कोरियन वकिलांचे लेखन शेजारी ठेवल्याशिवाय त्यावर निवाडा करू नये.

खर्च आणि मायना यांची गाठ मारायला नको होती. खर्चकपातीला विरोध करायला कोणालाच फारसे कारण नव्हते. वाटेवरचे दाइम्यो तर सुटकेचा श्वास टाकणारे. ती स्वतंत्र नियम म्हणून रोजूंच्या सहीने निघाली असती, तर योशिमुनेला ती मोडावीशी वाटली नसती. एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे मायन्यासकट सगळे फेकले गेले.

होशूला आधी विचारायला हवे होते. त्सुशिमाला हुकूम गेला, सल्ला मागितला गेला नाही. कोरियन दरबारात कोणत्या मागणीला किती वेळ लागतो, कोणत्या वकिलाला कशाची भीती असते, हे एदोत बसून ग्रंथांतून कळत नाही. पुढे 1728 मध्ये होशूने कोरियाशी व्यवहार कसा करावा यावर लिहिताना फसवाफसवी आणि भांडण टाळून खरेपणाने वागावे हा मुद्दा मध्यभागी ठेवला. त्यामागे असल्या प्रसंगांचा अनुभव आहे.

अक्षराचा पेच तर पूर्ण टाळता येण्याजोगा होता. दोन्ही बाजूंनी वर्ज्य अक्षरांच्या याद्या आधी बदलून घ्यायच्या, आणि उत्तराचा कच्चा मसुदा निरोपाच्या दोन-तीन दिवस आधी वकिलांना दाखवायचा. लेखणीच्या बैठका होतच होत्या, तिथे एक कागद जास्त सरकवला असता तर पुरे होते. पण मसुदा हाकुसेकीच्या एकट्याच्या हातचा, आणि तपासायला दुसरा डोळा म्हणजे होको. त्याला तो दाखवणे हाकुसेकीच्या स्वभावात नव्हते.

विधीच्या बरोबरीबद्दल त्याच्याकडे याहून चांगला उपाय होता, पण तो त्याला वकिलात गेल्यानंतर सुचला. नंतरच्या एका टिपणात त्याने मांडले की वकिलातीने एदोपर्यंत येऊच नये, दोन्ही देशांनी त्सुशिमात भेटून खलिते बदलावेत. त्यात खर्च अगदी थोडा, पायऱ्यांवरून वाद नाही, आणि कोणी कोणाच्या राजधानीत जात नसल्याने बरोबरी आपोआप साधते. योशिमुनेच्या काळात हे टिपण पडून राहिले. 1811 ची वकिलात, जी शेवटची ठरली, ती मात्र त्सुशिमातच झाली.

आणि वेळ. सर्वांना विचारत, होकोची समजूत काढत, त्सुशिमाच्या उत्तरांची वाट पाहत हे काम केले असते तर दोन वर्षे सहज गेली असती. इएनोबू वकिलात परतल्यावर वर्ष उलटायच्या आत वारला. घाई केली नसती तर ‘जपानचा राजा’ ही सही कदाचित एकदाही झाली नसती. हाकुसेकीला शोगुनच्या आयुष्याची दोरी दिसत नव्हती, पण आपले सगळे वजन एका माणसाच्या कानावर टांगलेले आहे, हे त्याला दिसत होते. वडिलांची चाकरी आणि होत्ताचा खून पाहिलेल्या माणसाला ते कोणी सांगायची गरज नव्हती.